दादाच्या खांद्यावरची चार बोटं

...मुंग्या! गेलेल्या माणसाभोवती मुंग्या सोडतात हो, आणि वर तोंड करून म्हणतात, सिलेक्शन झालं की काम झालं! तुम्हीच सांगा, तीन आठवड्यांपूर्वी माझा सख्खा मोठा भाऊ गेला, चार दिवसांचा ताप काय आला आणि सगळा खेळच संपला, आणि त्याचा फोटो घेऊन मी स्टुडिओत जातो, तर तो चष्मेवाला कॉम्प्युटरवर दादाच्या चेहऱ्याभोवती काळ्या-पांढऱ्या तुटक रेघा फिरवतो. वळवळ, वळवळ... थांबतच नाहीत! शिसारी आली मला. म्हटलं, हे काय? तर म्हणतो, "मुंग्याच म्हणतात याला. मुंग्यांच्या आत आलं ते आपलं. सिलेक्शन झालं की काम झालं."

तुम्हाला सांगतो, काम किती साधं होतं! आईला भिंतीवर लावायला फोटो हवा होता, आणि त्यात दादा हसायला हवा होता. आता दादा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की चेहरा असा करायचा, जसा काही दाढ उपटून घ्यायला आलाय. जन्मात हसला तो एका फोटोत, आणि त्या फोटोत शेजारी कोण? मी! त्याच्या खांद्यावर हात टाकून, बत्तीशी काढून! आई म्हणाली, गेलेल्याच्या चौकटीत जिवंत माणूस नको, तू स्वतःला काढ त्यातून. म्हणजे मलाच मला कापून घ्यायला जायचं. गेलो.

आता आम्ही दोघंही रंगारी. फोटो एका जिन्यातला, भिंत नुकतीच पिस्त्याच्या रंगानं रंगवलेली, आणि दादाच्या कामाच्या शर्टावर भिंतीपेक्षा जास्त पिस्ता. चष्मेवाल्यानं जादूची कांडी म्हणून काहीतरी काढलं, म्हणाला, एका रंगाचं सगळं ही एका टिचकीत धरते. धरलं की! भिंत धरली, शर्ट धरला, कानामागचा डाग धरला, अर्धी भुवई धरली... आणि पुसल्यावर बघतो तर दादाची चाळण! चष्मेवाला मान हलवून म्हणतो, "तुमचे भाऊ भिंतीतून सुटतच नाहीत." अरे, सुटतील कसे? एकाच डब्यातले आहेत दोघं!

मग म्हणे आता फास टाकू. शब्द बघा! आधी मुंग्या, मग फास! फास टाकला तर दादाचा एक कान बाहेर राहिला. म्हटलं, कान घ्या. कान घेतला तर माझी अर्धी दाढी आत आली. दाढी काढली तर कान पुन्हा गेला. मग म्हणतो, कडा मऊ करू. केल्या मऊ, तर दादा असा दिसायला लागला, जसा काही कुकरच्या वाफेत उभाय. आणि तोंडाला तेच आपलं, सिलेक्शन झालं की काम झालं!

तेवढ्यात त्याला फोन आला, तो बाहेर गेला, आणि माझं डोकं फिरलं. शाळेत चौथीच्या पुढे गेलो नाही मी, पण खिडकीची कड मारताना माझा हात हलत नाही, हे दादासुद्धा म्हणायचा. बसलो खुर्चीत. जीभ दातात धरून दादाभोवती रेघ ओढली... कान आत, भुवई आत, केसन्‌केस आत. आम्ही रंगाऱ्यांचं कसं असतं, जे वाचवायचं त्याच्याभोवती चिकटपट्टी लावायची आणि मग बिनधास्त ब्रश फिरवायचा. मुंग्या म्हणजे चिकटपट्टीच, नाही का? दाबलं पुसायचं बटण.

दादा गेला.

भिंत जागच्या जागी. मी जागच्या जागी, दात काढून, हात हवेत. आणि मधे दादाच्या मापाचं पांढरं भोक. चिकटपट्टी आतलं वाचवते हो, या मुंग्यांनी आतलंच पुसलं!

चष्मेवाला परत आला, एका हातानं दोन बटणं दाबली आणि दादा परत आला. हसत! एवढं सोपं असतं हो? तीन आठवडे आम्ही घरात काय करतोय मग? त्यानं पाणी दिलं. म्हटलं, आता काही दाबू नका.

पण दाबायला लागलंच, कारण हात उरला होता माझा. सगळा मी गेलो, दंडापर्यंत, मनगटापर्यंत गेलो, पण खांद्यावरची चार बोटं काही जाईनात. म्हटलं, उचला की हात. तर म्हणाला, "उचलतो, पण खाली खांदा नाहीये. फोटोत हाताखालचं काही येत नाही." म्हणजे बोटं काढली तर दादाचा खांदा जाणार. म्हटलं, राहू द्या. खांदा हवा.

घरी फोटो आईच्या हातात दिला आणि म्हटलं, कॉम्प्युटरला जमलं नाही. वाटलं, आता ओरडणार. तिनं बोटांवरून पदर फिरवला, म्हणाली, "राहू दे. पण फोटोला उभं राहताना नखातला रंग तरी काढायचास, मेल्या."

लावला भिंतीवर. सिलेक्शन झालं, काम झालं. चार बोटं माझी गेलेल्यांत जमा झाली, तुम्हाला सांगतो, आणि उरलेला मी रोज कामावर जातो.