पट्टीबंद सारस

…नाही हो दादा, किमतीचं नंतर बोलू, आधी सफरचंद तरी खा. एवढ्या लांबून आलात. मी चिरते. आणि असं बघू नका ह्या चाकूकडे, मला ठाऊक आहे तुम्ही सारसवाले आहात ते, कोटावर बिल्ला लावलाय तुम्ही — ह्यांचाही असाच होता, त्या खणात असेल कुठंतरी. हा चावी छापच आहे. हो, चावी छाप, सारस छाप चाकूंनी भरलेल्या घरात. तुमच्या मंडळींना बाट लागल्यासारखं वाटतं ना? ह्यांनाही वाटायचं. मी फोडी पुढं केल्या की आधी विचारायचे, कशानं चिरल्यास? चावीनं म्हटलं की बशी सरकवायचे. मग मी खोटं बोलायला शिकले. पोळपाटामागं लपवून चिरायची आणि म्हणायची, सारसनं. खायचे की मग, मिटक्या मारत खायचे. तुम्हालाही कळला नसता फरक. घ्या.

कपाट उघडंच आहे, बघा निवांत. दोनशे अकरा आहेत, एकूण एक सारस छाप. शिंगाच्या मुठीचे वरच्या खणात, लाकडी मधल्या, आणि खाली पट्टीबंद. पट्टीबंद म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगणार — पण मला मेलीला लग्नानंतर सहा महिने कळत नव्हतं. एक दिवस मी भोपळा कापायला खालच्या खणातला एक घेतला. कारखान्यातून पिवळा कागद गुंडाळून येतो ना, मिटलेल्या चाकूभोवती, वर सारसाचा शिक्का — तो टरकन फाडला आणि कापला भोपळा. हे आले, बघितलं, आणि खालीच बसले हो जमिनीवर. रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, पट्टी फाटली की सारस मेला." ते तुमच्या सारसवाल्यांच्या मंडळातलंच बोलणं असणार. दोन दिवस जेवले नाहीत. मला आधी हसू यायचं, नंतर भीती वाटायला लागली. जो चाकू कधीच काही कापणार नाही तोच सगळ्यांत मोलाचा — हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही कधी. पण माणूस वाईट नव्हता, दादा. दारू नाही, पत्ते नाहीत, कधी आवाज चढवला नाही. माझी आई म्हणायची, सवतच आणलीय म्हण, पण निदान कपाटात राहते.

ती नको. ती पत्र्याची डबी नको, अगदी वरची. ती विकायची नाही… म्हणजे तुमच्या कामाचीच नाही ती. आतल्या चाकूची पट्टी फाटलेली आहे. मंडळाच्या वहीत पट्टीबंद लिहिलीय? असेल. सकाळी पोस्टानं आली तेव्हा पट्टीबंदच होती, दुपारपर्यंत नव्हती. अकरा वर्षं झाली. ह्यांनी स्वतः वर ठेवली आणि परत हात लावला नाही, मीही नाही. जाताना — ह्याच हिवाळ्यात गेले हे — मला जवळ बोलावून म्हणाले, ती डबी न उघडता नदीत टाक. मी हो म्हटलं. पण नदीवर मी जात नाही. म्हणून राहिलीय.

का जात नाही, आता तुम्हाला मंडळात कुणी सांगितलं असेलच. नाही? बरं. आम्हाला एक मुलगा होता. चिमण म्हणायचो. लहानपणी जेवायचा चिमणीएवढं, म्हणून चिमण, मग सव्वीस वर्षांचा सहा फुटी झाला तरी चिमणच. गमतीनं म्हणायचा, घरात चिमण असताना बाबांना सारस कशाला लागतात. गोदामात कामाला लागला, पेट्या बांधायच्या, दोर कापायचे. पहिल्या पगारात बाबांसाठी चाकू घेऊन आला. हाच, हातातला. त्याला वाटलं बाबांना चाकू आवडतात. आवडतातच की — पण दुकानदारानं दिला चावी छाप, म्हणाला दोर कापायला ह्याच्यासारखा नाही. ह्यांनी उलटा करून छाप बघितला आणि त्याच्याच हातात परत ठेवला. "तुझ्या कामाला होईल" म्हणाले. शांतपणे म्हणाले हो. पोरगं हसलं, खिशात घातलं, आणि पुढं चार वर्षं तो त्याच्या खिशातून हलला नाही. चार वर्षं दोर कापले त्यानं ह्याच्यानं. तो एक दिवस सोडून.

त्या दिवशी रविवार होता. नदीच्या पलीकडे निवृत्त पोस्टमास्तरांकडे तुमच्या मंडळाची बैठक असायची, आणि सकाळीच ही डबी आली होती — ह्यांनी दोन वर्षं वाट बघितलेली. दाखवायला न्यायची होती. नदीवरची लाँच बंद पडली होती, म्हणून चिमणला म्हणाले, होडी वल्हवशील का. पोरगं तयार. आणि दारात, मी चपला शोधत होते ह्यांच्या, तेवढ्यात हे म्हणाले, खिशातला तो काढून ठेव, तिथं चालत नाही. नियमच होता ना तसा? बैठकीला दुसरा छाप आणायचा नाही. आहे ना अजून? बघा. चिमणनं माझ्याकडे बघून डोळा मारला आणि चाकू माझ्या हातात दिला. मी स्वयंपाकघराच्या खणात टाकला. मी टाकला, दादा. मी म्हणू शकले असते, असू दे की खिशात, कोण बघतंय. म्हटलं नाही.

मधल्या धारेत कुणाचं तरी जुनं जाळं अडकलं होडीला. चिमण सोडवायला उतरला. पोहता यायचं त्याला चांगलं. पण जाळं पायात गेलं, कमरेला गेलं, जितका हलेल तितकं आवळत गेलं — नायलॉनचा दोर, हातानं तुटत नाही तो. हे होडीतून ओढत होते. ओरडत होते. काठावरच्या लोकांनी ऐकलं, ते पोचेपर्यंत… असो.

सगळे विचारत होते, चाकू नव्हता का? चाकूवाल्याच्या खिशात चाकू नव्हता? ह्यांनी सांगितलं, होता, काढला, पट्टीही फाडली, पण उघडला नाही. कोरी स्प्रिंग, ओले हात, नख मोडलं पण पातं बाहेर आलं नाही. मला नख दाखवलं. खरंच मोडलं होतं, रक्त होतं. माझा सख्खा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "उघडला नाही की उघडायचा नव्हता?" मी त्याला त्याच क्षणी घराबाहेर काढलं, प्रेताला खांदा देऊन आलेल्या माणसाला. अकरा वर्षं तोंड बघितलं नाही त्याचं. वहिनी गेली तरी गेले नाही. जो बाप पोटच्या पोरासाठी — असं बोलवतं कसं माणसाला? मी ह्यांच्याजवळ झोपत होते, मला ठाऊक नसणार होय? ह्यांनी त्यानंतर एकही चाकू आणला नाही. मंडळ सोडलं. आणि दर रविवारी हा, हा चावी छाप, मागच्या पायरीवर बसून दगडावर घासायचे. तासन् तास. बघा पातं किती झिजलंय. मी म्हणायची, अहो पुरे, किती धार काढाल. तर म्हणायचे, असू दे, लागेल. कुणाला लागेल? ह्यानं चिरलेल्या फोडी मग खायला लागले, न विचारता. मला वाटायचं, दुःख आहे. दुःख असं कुठूनही बाहेर येतं.

डबी उघडा म्हणता? बघाच मग एकदा, तुमचं समाधान होऊ दे. फाटकीच आहे. झाकण गंजलंय, जरा जोर लावा. मी तेवढ्यात ह्या साली टाकून — काय झालं?

असे हसताय काय, दादा?

काय अखंड आहे?

नाही, नाही, तसं नसेल. कारखान्यातली दुसरी… पुन्हा चिकटवली असेल त्यांनी. तुम्हाला कळतं ना, चिकटवलेली? नीट बघा, चष्मा लावा. शिक्का कागदाच्या जोडावर सलग आहे म्हणजे? म्हणजे काय? म्हणजे कधीच कुणी… सुटलीच नाही?

पण नख मोडलं होतं. जाळं ओढताना मोडलं असेल ते. हो. जाळं ओढताना.

इकडे द्या. द्या म्हणते ना. नाही, मी काही करत नाही, नुसतं बघते. किती हलका आहे हो. सारस किती सुबक काढलाय. असं ओरडू नका, चाकू माझ्या घरातला आहे. आधी ह्या चावीनं असा कागद… झालं. आणि आता ही खाच, इथं नख घालायचं ना?

उघडला.

बघितलंत? माझे हात ओलेच आहेत. सफरचंदाचे.

कागद होता हो. एवढासा पिवळा कागद.

बाकीचे सगळे घेऊन जा तुम्ही. खोकी मागच्या खोलीत आहेत, कसेही भरा. किंमत नको. आणि जाताना बाहेरून दार ओढून घ्या. मला भावाला फोन करायचाय, तो घेईल की नाही कुणास ठाऊक… जा ना, दादा. उभे का राहिलात? मेलेल्या सारसाचं तुम्हाला काय काम.