रुंद काठाची हॅट

जुन्या कपड्यांच्या त्या दुकानात एकच कायदा होता: वस्तू हातात असेपर्यंत तुमची, खाली ठेवलीत की जगाची. भांडणं सोडवायचा मालकाला कंटाळा, दुसरं काय!

उन्हात टपाल वाटून नाक करपलेली पोस्टवाली पैसे द्यायच्या रांगेत उभी होती. हातात उबदार कोट होता, पण जीव हॅटवर. कुठे कुठे शोधली होती तिने तसली जुन्या घडणीची, रुंद काठाची हॅट! आज सापडली ती नेमकी पुढच्या दोन जावांच्या हातात. त्या कधी खाली ठेवतात, याकडे ती डोळे लावून होती.

“जाऊबाई, काठ फारच रुंद आहे हो.”

“तेच तर! ही घातली की तुझं तोंड दिसत नाही.”

“मग मलाच द्या. मीही तुम्हाला बघून थकलेय.”

“हात लावू नकोस! आजवर सगळं वाटून घेतलं, सासूसुद्धा.”

“सासू माझ्याच वाट्याला जास्त आली.”

“म्हणून हॅट माझ्या वाट्याला.”

पोस्टवालीला राहवेना.

“बायांनो, सकाळी मीच घालून बघितली ती. माझ्या डोक्यात उवा आहेत हो!” म्हणत तिने दोन्ही हातांनी खराखरा डोकं खाजवलं.

“अगं बाई! जाऊबाई, टाका ती!”

“का टाकू? माझ्या उवांना सोबत होईल.” थोरलीने हॅट कानापर्यंत ओढली. “आणि तू बघत काय उभी राहिलीस? बाईंनी खाजवायला कोट खाली ठेवलाय. उचल!”