हशाचं कार्ड

—नाही हो, उघडू नका ते झाकण, आत काही सापडणार नाही तुम्हाला. मशीन ठणठणीत आहे. पिक्चर चालू असताना आवाज एकदम वाढतो, हीच तक्रार ना? वाढतो. मीच वाढवतो. हे बटण, आणि हा हात. मालकांनी विचारलं तेव्हा मशीनवर ढकललं, झालं. बसा त्या खोक्यावर, डुगडुगतं पण पडत नाही. एवढे जिने चढून दुरुस्तीला आलात, तर निदान ऐकून तरी जा.

हे बघा, भिंतीवर चिकटवलंय ते. हशाचं कार्ड. एकतीस वर्षं ऑपरेटर आहे मी इथे — पिक्चर कोण बघतो? मी या खिडकीतून माणसं बघतो. लोक कुठे हसतात ते लिहून ठेवायचं. कारण हशा फुटला की पुढचं वाक्य बुडतं, म्हणून त्या जागी आवाज वर न्यायचा. कुणी शिकवलं नाही, माझं मीच. तर हल्ली रविवारी दुपारी जुने पिक्चर लावतात, आणि मागच्या रविवारी हा लागला, प्रेमाचा, विनोदी. एके काळी पंचवीस आठवडे चालला होता इथे! नायक तिच्या मागे मागे — ऑफिसात, बसमध्ये, बाजारात — आणि शेवटी लिफ्टच बंद पाडतो. आत दोघंच. म्हणतो, 'हो म्हणेपर्यंत लिफ्ट हलणार नाही.' बघा, कार्डावर तीन फुल्या. तीन फुल्या म्हणजे छप्पर उडायचं! मी आपला सवयीने आवाज वर नेला — आणि हशाच नाही. एक माणूस हसला नाही. आणि पुढचं वाक्य, 'किती वेळा नाही म्हणशील?' — कानठळ्या बसवत गेलं हॉलभर. मला वाटलं मीच ओरडलो. मग खालून एक पोरगी म्हणते, 'अरे, तिला दार उघडून दे की!' आणि त्यावर हसले लेकाचे! टाळ्या पिटल्या!

असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, या आताच्या पोरांना गंमत म्हणून कळत नाही, सगळ्यात खोट काढायची. तुम्हीही त्यातलेच दिसता, मान हलवताय ती. हलवा. पण रागाचं कारण वेगळंच होतं. बायको बसली होती खाली. मीच आणलं होतं तिला. आमचाच पिक्चर तो.

म्हणजे काय — ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मला चष्मा लागत नव्हता, तरी तीन करून घेतले! तिसऱ्या खेपेला म्हणाली, 'तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, परत येऊ नका.' मी चौथ्यांदा गेलो. संध्याकाळी, दुकान बंद करायच्या वेळी. ती एकटीच होती. मी आत शिरलो, शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलं आणि तेच म्हणालो — 'हो म्हणेपर्यंत शटर वर जाणार नाही.' ती हो म्हणाली. लगेच! किती लगेच म्हणाली... लेकीच्या लग्नात सांगितला मी हा किस्सा, व्याही पोट धरधरून हसले. प्रत्येक बारशाला, प्रत्येक साठीला सांगितला. आणि ती? ती तेवढ्यात चहाचे कप उचलायला जायची. एकतीस वर्षं अख्ख्या गावाचा हशा लिहिला मी, हिचा कधी बघितलाच नाही. गाढव, दुसरं काय!

घरी आल्यावर म्हटलं, 'बघितलंस का या पोरांचं?' तिने चपला काढल्या, नीट लावून ठेवल्या आणि म्हणाली, 'मी त्याआधी तीनदा नाही म्हणाले होते. सगळ्यांना सांगताना तेवढंच गाळता तुम्ही.' मी म्हटलं, अगं, मग हो का म्हणालीस? तर म्हणे, 'मला घरी जायचं होतं.'

चार शब्द. मग तीच म्हणाली, 'आता एकदा विचारा. नीट विचारा. आणि जे उत्तर येईल ते ऐकून घ्या.' सात दिवस झाले. मी नळ गळतोय म्हणालो, पंखा वाजतोय म्हणालो, लेकीचा फोन आला का म्हणालो — हे सोडून सगळं विचारलं. भीती वाटते हो. नाही म्हणाली तर कुठे जाऊ या वयात? आणि हो म्हणाली — तर ते खरं कसं धरू? मी शिकवलंय काय तिला, हो म्हटलं की सुटका होते, एवढंच ना! सकाळी म्हणाली, 'घरी तुम्ही विषय बदलता, शो सुटल्यावर मीच येते वर.' म्हणून तुम्हाला बसवून घेतलंय मघापासून, चुकलं माझं. तुमचा वेळ खाल्ला.

थांबा. जिना वाजतोय. तीच — मध्ये दम खायला थांबते ती. उठा, उठा तुम्ही. लिहा कागदावर, मशीनमध्ये दोष नाही, ऑपरेटरची चूक. द्या, सही करतो. आणि निघा आता, काही विचारू नका. अहो — अहो, ते दार! ओढून घेऊ नका. राहू द्या तसंच, सताड उघडं.