एक गुर्दा बळीरामाचा

…आणि वर मलाच विचारायलेत, "हरिबा, कोणत्या बाजूचा काढला गा?" चावडीपुढं विचारतेत, बाजारात विचारतेत, न्हाव्यापुढं तोंडाला साबण लावून बसलो तरी विचारतेत! परवा तर शेजारच्या मल्लप्पानं माझा सदराच वर केला. "बघू की, टाके किती पडलेत?" अरे, मी काय बाजारात उभा केलेला बैल हाय व्हय? काढला न्हाई म्हणलं, दोन्ही जागच्या जागी हायत म्हणलं, तर हसायलाय! "दान केलेलं सांगू न्हाई म्हणून लपवायलास. मोठ्या मनाचा हाईस अण्णा!" आता ह्या माणसाला काय करावं, तुम्हीच सांगा!

थांबा, पयल्यापासून सांगतो. बळीराम माझा धाकटा भाऊ. आम्ही हळ्ळीखेडला शेतीवर, तो बिदरला कारखान्यात. शहाऐंशी साली त्याचं अंग सुजायला लागलं. पाय सुजले, तोंड सुजलं, आणि आमची माय राजूबाई म्हणती, "बिदर मानवलं लेकराला. कसा भरलाय बघ!" भरलाय! हैदराबादला नेलं तर डॉक्टर म्हणला, "इस के दोनों गुर्दे खलास. घर का कौन देता एक?" गुर्दा म्हंजे किडनी. मी शाळेत वर करतेत तसा हात वर केला. त्यात इचार कशाचा करायचा? दोन हायत की, एक त्याचा!

मग तपासण्या. रक्त काढलं, लघवी घेतली, फोटो काढले… सगळं जुळलं बघा! बायकोची नि माझी पत्रिका अठरा गुणांवर अडली होती, इथं छत्तीसच्या छत्तीस! मी आनंदानं घरी येऊन सांगितलं, तर ही सोजराबाई, माझी बायको, पिठाचे हात तसेच घेऊन उभी राहिली. "मला इचारलाव का? माझ्या बापानं सगळा माणूस बघून मला दिलं होतं, अर्धा न्हाई!" मल्लप्पा म्हणला, "बकऱ्याचा बसत न्हाई व्हय? सांग, ताजा काढून आणतो." आणि माय? माय चुलीपुढं बसून रडायली. "एकाला वाचवायला दुसऱ्याला चिरायलेत, मी कोणाला न्हाई म्हणू रं?" मी म्हणलं, माय, रडू नको. दोन हायत की, एक त्याचा!

झालं, मग सगळे लागले मलाच चारायला. कामून? तर ताकद पाहिजे म्हणं! डिंकाचे लाडू, तूप, दूध… आणि समोर बळीराम. अळणी भाकर, अळणी डाळ, आणि दिवसाला दोन पेले पाणी. दोन पेले! डॉक्टरनं बजावलं होतं, "पानी नाप के देना. जास्ती दिए तो छाती में भरता." तो पेल्याच्या तळाकडं बघत बसायचा, आणि माझ्या घशात लाडू अडकायचा. बरं, पाणी प्यावं तर त्याच्यासमोर कसं प्यावं? मी गोठ्यात जाऊन प्यायचो, चोरावानी!

आपरेशनचा सोमवार ठरला, आणि त्याच्या आधी कोण आडवी आली म्हणता? येळवस, म्हंजे येळ अमावस्या! आता येळवशीला शेतात कडब्याची कोप, म्हंजे झोपडी करायची, भज्जी नि ताकातली पातळ आंबील करायची, आणि बांधावरून जाणाऱ्या परक्या माणसालाबी ओढून आणून जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. माय म्हणली, "चिरायच्या आधी माझी दोन्ही लेकरं एकदा एका कोपीत बसू द्या." डॉक्टर म्हणला, जाओ, मगर नाप के.

मी पेला घेऊन पहारा केला, तुम्हाला सांगतो! दिवसभर, खळ्यावरल्या राखण्यावानी! मल्लप्पा आला तांब्या घेऊन, "घे की, एवढा एक!" न्हाई. त्याची बायको सिद्धम्मा आली, "येळवशीच्या आंबिलीनं कुठं काय व्हतंय?" न्हाई! माय स्वतः आली, न्हाई! सोळा-सतरा जणांशी भांडलो. येळवशीला आंबील नको म्हणणारा माणूस गावानं पयल्यांदा बघितला असंल.

दुपारी सगळे शेताला फेरी मारायला गेले. कोपीत आम्ही दोघंच. मातीच्या बिंदगीत आंबील, वर ताक तरंगायलेलं, वास सुटलेला. बळीराम म्हणला, "अण्णा."

मी म्हणलं, न्हाई.

"अण्णा, जीभ टाळूला चिकटलीय. एकच तांब्या. सोमवारी तुझा गुर्दा बसणारच हाय की, तोच काढंल सगळं भायेर."

आता तुम्ही सांगा… ज्याला मी पोट फाडून गुर्दा द्यायला निघालो, त्याला तांब्याभर आंबिलीला न्हाई कसं म्हणू? कसं म्हणू? दिला! एक दिला. मग दुसरा त्यानंच बुडवला. मग मी मोजायचं सोडलं. हसायला लागला हो! वर्षात पयल्यांदा हसला. मिशीला ताक लागलेलं, मला म्हणतो, "अण्णा, आता चिरलं तरी चालंल." मीबी हसलो. मूर्खावानी हसलो.

सकाळी त्याला दम लागला. हैदराबादला जीप केली, मी मागं त्याला छातीशी धरून बसलेला. "सोमवारपर्यंत थांब बळीराम, परवा तर हाय सोमवार," म्हणायलो. झहीराबादच्या अलीकडं त्यानं मान टाकली.

मायला मी अजून सांगितलं न्हाई, तांब्या कोणी दिला ते. कोणालाच न्हाई. आज तुम्हाला सांगायलो. माय आल्यागेल्याला म्हणती, "ह्यानं भावासाठी पोट द्यायची तयारी केली." लोकांनी त्याचं करून टाकलं, की पोट दिलंच, हैदराबादला माझा काढला नि त्याला बसायच्या आधी तो गेला! आता मला कोणी पोतं उचलू देत न्हाई. "राहू दे अण्णा, तुला एकच हाय." येळवशीला पयला तांब्या माझ्या हातात. मान बघा माझा!

मी आता रोज सकाळी उठून एक तांब्या पाणी पितो, आणि मग अजून एक पितो. सोजराबाई बघती, तांब्या घासून ठेवती. मल्लप्पा मात्र कुंपणावरून ओरडतो, "बघा, एकाच गुर्द्यावर दोन तांबे जिरवतोय पठ्ठ्या!"

त्याला काय सांगू? दोन हायत की… एक त्याचा.