वॉकर कुणाचा?

हॅमिल्टनहून तासभर गाडी हाकून आलेलं म्हातारं जोडपं अमेरिकेच्या दक्षिणेकडचं जेवण देणाऱ्या त्या नावाजलेल्या सदर्न रेस्टॉरंटच्या रांगेत रुचा नावाच्या एका मराठी मुलीच्या पुढेच उभं होतं. दोघांच्या मधे रिकामा वॉकर. आपलं मराठी इथे कुणाला कळतंय, अशी दोघांची खात्री.

“अहो, धरा तो वॉकर.”

“उल्का, लोक बघतायत.”

“चाळीस वर्षं हाडांचे डॉक्टर होतात. पेशंट वॉकर नको म्हणाला की किती खेकसायचात!”

“ते पेशंट होते.”

“आणि गेल्या महिन्यात गुडघा बदलला, तो काय शेजाऱ्यांचा?”

“मी ठणठणीत आहे.”

“मग त्या कठड्याला का लोंबकळताय?”

“फ्राइड चिकन खायला आणलंयस की डोकं खायला?”

“बरं, नको तर नको. मीच बसते. सीट छान आहे याची.”

“बस. तुझाच वाटेल सगळ्यांना.”

“वाटू दे.”

तेवढ्यात दारावरची मुलगी लगबगीनं आली.

“मॅम, विथ द वॉकर यू डोन्ट हॅव टु वेट. टेबल फॉर टू?”

“फॉर वन,” म्हणत उल्काताई उठल्या आणि वॉकर ढकलत निघाल्या.

“अगं उल्का! आणि मी?”

“तुम्ही ठणठणीत ना? ताठ उभे राहा. लोक बघतायत.”