उपटायची ओळ

बसच्या रांगेत शिंपीणबाईंचे कान पुढच्या दोघांकडे लागले. गहू संशोधन केंद्रातले साहेब आणि तिथे ओंब्या मोजणाऱ्या मावशी यांची चांगलीच जुंपली होती.

"मावशी, ती ओळ उपटायला सांगितली होती ना?"

"सांगितली होती. नाही उपटली."

"अहो, तिचे आईबाप दोन्ही वाण उत्पन्नात बेताचे!"

"एकाचा दाणा टपोरा, दुसऱ्याच्या ओंबीत दाणे जास्त. पोरीनं दोघांचंही उचललंय."

"एका हंगामावरून ठरत नाही."

"हा तिसरा, साहेब. दर हंगामाला पेरलीय, मोजलीय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर उपटावी लागली असती. उद्या स्वतः तोलून बघा. कमी भरली तर ओळीबरोबर मलाही काढा."

बस आली. शिंपीणबाईंसकट कुणीच हललं नाही.

"किती वाजता येऊ?"

"ऊन चढायच्या आत. आणि जास्त भरली, तर तिला अख्खा वाफा द्यायचा."