दुर्बीण वळवली तेव्हा

(दिल्ली छावणीतलं सुभेदार मारुतरावांचं क्वार्टर, रविवारची सकाळ. पुण्याकडच्या वेधशाळेत पीएच.डी. करणारी त्यांची लेक वृंदा न कळवता आली आहे. आई हौसाबाई ओट्याशी.)

मारुतराव : म्हंजे, पेपरात आलेला त्यो तुजा तारा आभाळात न्हाईच?

वृंदा : नाहीये, बाबा. माझी चूक झाली.

मारुतराव : आगं, फोटू छापला हुता तुजा. तुमच्या येवढ्या मोठ्या सरांचं नाव हाय त्यात. चूक कशी आसंल?

वृंदा : सरांनी माझ्या भरोशावर नाव दिलं.

हौसाबाई : आधी चा घे. रातभर गाडीत बसून आलीस.

मारुतराव : मला उमजंल आसं सांग.

वृंदा : आपल्या डोळ्यांना दिसतो तो उजेड फार थोडा असतो, बाबा. आकाशातून रेडिओ लहरी येतात, क्ष-किरण येतात, उष्णतेसारखे इन्फ्रारेड किरण येतात. प्रत्येकासाठी दुर्बीण वेगळी. मला रेडिओत एका जागी काहीतरी चमकताना दिसलं. एकदम ठेक्यात. मेलेले तारे तसे चमकतात. मग बाकीच्यांनीही तिकडे बघितलं. उपग्रहावरच्या क्ष-किरण दुर्बिणीत काही नाही. पहाडावरच्या साध्या उजेडाच्या दुर्बिणीत काही नाही.

मारुतराव : त्यांच्या दुर्बिनी कच्च्या आसत्याल.

वृंदा : मलाही तेच वाटायचं. वर्षभर भांडले मी सगळ्यांशी. परवा शेवटी मी आमची दुर्बीण मुद्दाम रिकाम्या आकाशाकडे वळवली. तरी ते चमकतच राहिलं. बिल्कुल त्याच ठेक्यात.

हौसाबाई : मग येत कुठनं हुतं?

वृंदा : जमिनीवरून. टेकडीपलीकडून विजेची लाइन जाते. तिच्या एका खांबावर स्पार्क उडतात. मराठीत काय म्हणतात त्याला?

हौसाबाई : ठिणगी.

वृंदा : हां, ठिणगी. तिच्यातूनही रेडिओ लहरी निघतात. पहिल्याच आठवड्यात मी दुर्बीण वळवून बघायला हवी होती. नाही बघितली. मला तो तारा हवा होता, आई.

मारुतराव : पलटनीच्या जेवणात, बडाखान्यात, कर्नलसाहेबांनी मला उभं केलं हुतं. सुभेदारसाहेबांच्या लेकीनं तारा शोधला, म्हनले. सगळ्या पलटनीनं टाळ्या वाजवल्या. येवढ्या नोकरीत माज्यासाठी कधी वाजल्या नव्हत्या.

वृंदा : माहीत आहे.

मारुतराव : तुजं सर काय म्हंत्यात?

वृंदा : तुझी जर्मनीची फेलोशिप पक्की होऊ दे, मग हळूच दुरुस्ती छापू, म्हणतात.

मारुतराव : शाणा मानूस हाय. ऐक की त्येंचं. म्होरल्या महिन्यात मी रिटायर हुतो. तवर गप ऱ्हा. मग गावाकडं कोन इचारतंय?

वृंदा : अहिल्या आहे ना, माझी ज्युनियर. दिवाळीला माझ्यासोबत इथे आली होती.

हौसाबाई : लातूरची? जिनं भाकरी थापून दिल्या हुत्या ती?

वृंदा : तीच. तिचा सगळा थीसिस यावर उभा आहे. उद्या ती चिलीला निघतेय, तिथल्या मोठ्या दुर्बिणीवर हाच तारा इन्फ्रारेडमध्ये शोधायला. तिथे वेळ मिळणं फार मुश्किल असतं, बाबा. आज कळलं तर ती परवानगी मागून दुसरं काही तरी बघू शकेल. मी गप्प बसले तर ती तिथे जाऊन अंधाराकडे बघत बसेल.

हौसाबाई : तिला सांगितलंस?

वृंदा : अजून नाही. एकदा सांगितलं की सगळीकडे बोभाटा होणार. तुम्हाला माझ्या तोंडून कळावं, म्हणून आधी इथे आले.

मारुतराव : म्हंजे ठरवूनच आलीस. इचारायला न्हाई.

वृंदा : हो.

हौसाबाई : कर फोन. थांबून काय सोपं व्हनार हाय?

वृंदा : हॅलो, अहिल्या? सामान भरायचं जरा थांबव... तो तारा खरा नाहीये... हो, मी स्वतः तपासलं... नाही गं, तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं... अहिल्या? आहेस ना?

मारुतराव : काय म्हनली?

वृंदा : ‘मी आता काय करू, ताई,’ एवढंच. मग फोन ठेवला.

हौसाबाई : रडत हुती?

वृंदा : नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

हौसाबाई : जरा येळानं परत लाव. उचलंल न उचलंल, तू लाव.

मारुतराव : उद्या मी कर्नलसाहेबांकडं जातो.

वृंदा : मी येते सोबत.

मारुतराव : नको. टाळ्या मी घेतल्या हुत्या. फकस्त काय बोलायचं ते शिकीव मला. पोरीनं चूक केली म्हनू, का पोरीनं चूक पकडली म्हनू?

वृंदा : दोन्ही म्हणा, बाबा. पण चूक केली, ते आधी म्हणा.